नट वाचवायचा की कॅलिपर?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना जुनी गाडी तापते, रेडिएटर फसफसतो, मंडळी उतरून सागाच्या सावलीत उभी राहतात आणि कोणीतरी बाटलीतलं पाणी ओततं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजी असते ती परत येतानाची. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर, आणि उतरताना वळणावळणाला ब्रेक. निम्मा घाट सरेपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेलं पाणी उकळतं, नळीत वाफ धरते. तेल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल कितीही हाणा, ते नुसतंच खाली जातं.

मामाजींना नेमकं तेच करायचं होतं. आपली गाडी एकदा चिखलदऱ्याला न्यायची आणि स्वतः चालवत परत आणायची. मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि गाडी म्हणजे १९६९ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री. अचलपूर तालुक्यातल्या आडगावात, ट्रॅक्टर आणि बैलबंडीच्या जोडीला ही दोन माणसांची, छत उघडणारी विलायती गाडी आली ती त्यांच्या थोरल्या भावामुळे. ते दिल्लीला नोकरीत होते. परदेशी वकिलातींतल्या लोकांनी वापरलेल्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायची, त्यातली ही एक. थोरले गेले आणि गाडी गावी येऊन कोठ्यात उभी राहिली. एका अंगाला गाई, दुसऱ्या अंगाला तुरीचं कुटार, मधे स्पिटफायर. कित्येक पावसाळे तिने तिथेच काढले.

इंजिन सुरू करणं त्यामानाने सोपं गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. टाकी साफ केली, कार्ब्युरेटर धुतले, प्लग बदलले, आणि धूर ओकत का होईना ती बोलायला लागली. सगळं गाव पाहायला आलं. मामाजींना वाटलं, झालं. चाचांनी मात्र तिला अंगणाच्या बाहेर जाऊ दिलं नाही.

चाचा परतवाड्याचे मिस्त्री. तिथल्या लाकूडबाजारामुळे ट्रकची वर्दळ, त्यामुळे त्यांचं बरंचसं आयुष्य ट्रकच्या पोटाखाली गेलं. पण उमेदवारी त्यांनी अमरावतीत केली होती, फियाट आणि हेरल्डवर. स्पिटफायरचं बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढच्या बाजूला उलथतं, फेंडरसकट. ते उलथल्यावर पुढची चाकं, सस्पेन्शन, नळ्या सगळं उघडं पडलं तसे चाचा हसले. “हे तं हेरल्डच हाय, पाटील. कपडे तेवढे बदलवले.” आणि ते खरंच होतं. इंग्लंडात १९६२ साली स्पिटफायर काढली ती हेरल्डचीच चेसी आखूड करून. आपल्याकडे हेरल्ड मद्रासला बनायची, स्टँडर्ड हेरल्ड म्हणून. एका मद्रासी गाडीची ओळख अशी विलायती बहिणीच्या कामी आली.

एरवी जावई धोंड्याच्या महिन्यात सासरी गेला की त्याला ताटभर अनारसे मिळतात. मला पाना मिळाला. तक्रार नाही, अनारसे मला तसेही सोसत नाहीत.

आजच्या गाडीत ब्रेकची दोन वेगळी सर्किटं असतात. एक फुटलं तर दुसरं निम्मी का होईना गाडी थांबवतं. या गाडीत एकच. पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधून नळी निघते, चेसीवरच्या पितळी जोडापाशी तिला फाटे फुटतात. दोन पुढच्या चाकांना, आणि एक लांबलचक नळी चेसीच्या कडेने मागे जाते, तिथे परत दोन होतात. यातली कुठलीही एक कुठेही फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. उरतो हँडब्रेक. नळीची जाडी तीन सोळांश इंच, म्हणजे पाच मिलिमीटरसुद्धा नाही, आणि करकचून ब्रेक दाबला की तिच्यात दर चौरस इंचावर हजार पौंडांच्या आसपास दाब येतो. नळी पोलादी. आमच्या नळीवर मागच्या बाजूला, जिथे कुटार टेकलेलं असायचं, तिथे नख लावलं तर पापुद्रा निघत होता. म्हणजे नळ्या बदलायच्या, यात चाचांना शंका नव्हती. नळ्या बदलायच्या म्हणजे प्रत्येक टोकाचा नट सुटला पाहिजे, आणि एकही नट सुटायला तयार नव्हता.

हे नट का अडकतात ते मला चाचांच्या शेजारी, पाठीवर झोपून कळलं. मला वाटायचं आटे गंजतात. आट्यांत गंज असतोच, पण खरा गुंता नटाच्या मागच्या बाजूला असतो. नळी नटाच्या आरपार जाते. नळी आणि नट यांच्यात केसभर फट असते, आणि चाकाने उडवलेलं पाणी, चिखल, शेणामुताची वाफ, सगळं त्या फटीत जाऊन बसतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. तो फुगतो आणि नटाला नळीशी जखडून टाकतो. आता तुम्ही पाना लावून नट फिरवला तर आटे कदाचित सुटतीलही, पण नट एकटा फिरत नाही, नळीला बरोबर घेऊन फिरतो. नळी पिळवटते. अजून थोडा जोर, की ती नटाच्या तोंडाशीच तुटते.

दुसरी भानगड मापाची. गाडी इंचातली, घरातले पाने मिलिमीटरचे. या नटाचं माप सात सोळांश, म्हणजे ११.११ मिलिमीटर. अकराचा पाना त्यावर चढला तर चढतो, नाहीतर ठोकावा लागतो. बाराचा मात्र खुशाल चढतो, आणि तिथेच घात होतो. त्यातून तो दोन तोंडांचा साधा पाना असेल तर नटाचे दोनच कोपरे त्याच्या पकडीत येतात. नट मऊ असतो. एक झटका, की कोपरे गेले. नट गोल झाला की मग व्हाइस ग्रिप, मग छिन्नी, मग शिव्या, या क्रमाने काम पुढे सरकतं.

रिंग पाना सगळ्या बाजूंनी धरतो, पण तो नळीवरून घालणार कसा? त्यासाठी फ्लेअर नटचा पाना मिळतो. रिंगच असते, पण तिला नळी जाईल एवढी खाच. सहापैकी पाच बाजू धरल्या जातात. चाचांनी विकत घेतलेला नव्हता. त्यांनी कधीकाळी सात सोळांशाचा एक जाड रिंग पाना हॅक्सॉने कापून खाच पाडली होती. “पातळ पाना घेऊ नका,” ते म्हणाले, “जोर लावला का तोंड वासते त्याचं.” त्या पान्यावर हातांच्या घामाने अशी झिलई आली होती की त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती.

सुरुवात तारेच्या ब्रशने. नटाच्या मागची माती, तेलाचा थर, गंजाची पूड सगळं खरवडून काढायचं, म्हणजे पाना नटावर पूर्ण बसतो. मग तेल. ते नटाच्या डोक्यावर शिंपडून उपयोग नाही. मागे, जिथे नळी आत शिरते, तिथे थेंब थेंब सोडायचं. आमच्याकडे डब्ल्यूडी-४०ची बाटली होती, राकेल होतं, डिझेल होतं. चाचांनी तिन्ही वापरलं आणि तिन्हींवर फारसा विश्वास ठेवला नाही. त्यांचा विश्वास रात्रीवर. संध्याकाळी तेल सोडायचं, सकाळी परत सोडायचं, मधे हात लावायचा नाही. मामाजी मधूनच येऊन पाना लावून पाहायचे. चाचा ओरडायचे, “काऊन घाई करता जी? त्याले भिजू द्या ना!” एक गोष्ट मात्र चाचांनी मला बजावून सांगितली. हे तेल बाहेरून. त्याचा थेंबही ब्रेकच्या आत जायला नको. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल असतं, ते ग्लायकॉलचं असतं आणि आतली रबरं त्यालाच झेपतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. गावोगावी लोक ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओततात आणि चार दिवसांनी ब्रेक जाम झाला म्हणून डोक्याला हात लावतात, त्याचं कारण हेच.

मग नटाच्या सपाट बाजूवर हातोडीने टिचक्या. मोठा घाव नाही. गंजाला तडे जावेत एवढंच. आणि सोडवायच्या आधी नट अगदी जरासा आवळायचा. हे मला उलटं वाटलं होतं. पण चिकटलेली जागा ज्या बाजूने सुटेल त्या बाजूने सुटू द्यायची, दिशा नंतर बघू.

चाचा पाना धरायचे आणि डोळे मिटायचे. आधी मला वाटलं नाटक आहे. ते हाताने ऐकत होते. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रॅकेटपाशी त्यांनी माझा हात पान्यावर ठेवून दाखवलं. तिथे पोलादी नळी संपून रबरी होज सुरू होतो, आणि होजच्या षटकोनी टोकाला दुसऱ्या पान्याने धरून ठेवावं लागतं, नाहीतर सगळा जोर ब्रॅकेटवर जातो आणि पत्रा वाकतो. मी होज धरला, चाचांनी माझा दुसरा हात नटावरच्या पान्याला लावला. जोर वाढवत गेलो. काहीच होत नव्हतं, होत नव्हतं, आणि मग कट् झालं. कोरडा, छोटा आवाज. पाना किंचित सरकला आणि घट्टच राहिला. “हे सुटलं,” चाचा म्हणाले. पुढच्या नटावर आवाज आलाच नाही. पाना हलका होत गेला, मऊपणे, आणि सोडल्यावर थोडासा परत आला. “थांबा. हे सुटून नाई रायलं, नळी पिळून रायली.” बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा नट फिरलेलाच दिसला असता.

जो सुटतो तोही एका दमात सोडायचा नाही. पाव फेरा इकडे, तेल, पाव फेरा तिकडे, परत तेल. असं करता करता नळीवरची पकड सैल होते आणि नट एकटा फिरायला लागतो. यात एकेक तास जातो. मामाजी खुर्ची टाकून बसत आणि संत्र्याचे भाव सांगत.

खरा पेच कॅलिपरपाशी पडला, म्हणजे पुढच्या चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या भागापाशी. पुढच्या उजव्या चाकाचा नट. तेल झालं, टिचक्या झाल्या, आवळणं झालं, रात्री झाल्या. कोपरे झिजायला लागले होते. चाचांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, नळी कापू.

मामाजी खुर्चीवरून उठले. “कापता? ओरिजिनल हाय थे. कंपनीतून आली तशी हाय.”

नळी बदलायचीच आहे हे ठरलेलं होतं. मामाजींना तेही मान्य होतं, पण त्यांच्या मनात होतं की जुनी नळी अख्खी काढायची, पुसायची आणि ठेवून द्यायची. आमच्याकडच्या घरांत हे नवीन नाही. माळ्यावर मोटेची चाकं आहेत, विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील आहे, कोणाच्या तरी लग्नातला ग्रामोफोन आहे, कर्ण्याशिवाय. असू द्या, कामी येईल. ज्यांनी कापसाचं एखादं साल बुडताना पाहिलंय ते लोखंडाचा तुकडा फेकत नाहीत, आणि त्यांना शहाणपण शिकवणारा मी कोण! जावई माणूस. मी गप्प बसलो.

चाचा गप्प बसणारे नव्हते. “पाटील, हे पाहा. नळी मिळते. नटही मिळते. हे कॅलिपर मिळन का परतवाड्यात? अमरावतीत? नागपुरात? नट आतमधी तुटला अन् आटे गेले तं याचं काय करता? नळी जाऊ द्या. घर वाचवा.”

जाम नटाबद्दल मी नंतर जिथे जिथे वाचलं, तिथे तिथे लोक कसा सोडवायचा हेच सांगतात. कोणतं तेल, किती उष्णता, कोणता पाना. चाचांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. नट घट्ट असताना हातात दोन वस्तू असतात, एक ज्याच्यात आटे आहेत ती आणि एक जी त्यात शिरली आहे ती. दोन्ही वाचवायला गेलं की जोर चुकीच्या ठिकाणी लागतो. कोणती द्यायची हे आधी ठरलं की हात मोकळा होतो. नळी कापली की साधा षटकोनी सॉकेट नटावर थेट बसतो, सगळ्या बाजू धरतो, खाच नाही की काही नाही. इतके दिवस त्या सॉकेटच्या आड उभी होती ती फक्त ती नळी, जी तशीही निघणार होती.

मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुकडे फेकू नका म्हणजे झालं.”

कापल्यावर तो नट लांब दांड्याने दोन धक्क्यांत आला. मागचा एक तेवढ्यानेही आला नाही, त्याला गॅसची ज्योत दाखवावी लागली. त्यासाठी आधी गाडी कोठ्यातून ढकलत अंगणात आणली, कारण कुटाराशेजारी ज्योत पेटवायला चाचा तयार नव्हते, आणि गाईही नव्हत्या. ब्रेक ऑइल स्वतः पेट घेतं, म्हणून नळ्या रिकाम्या करून जागा पुसून घेतली, रबरी होज काढून ठेवले. इथे एक सांगून ठेवतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेला असेल तर तिथे ज्योत अजिबात लावू नये. त्यातून फॉसजीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. आम्ही साबणाच्या पाण्याने धुतलं होतं. नट तापल्यावर चाचांनी ज्योत बाजूला केली आणि देवघरातली मेणबत्ती नटाच्या मागच्या कडेला टेकवली. मेण वितळलं आणि खाली ओघळायच्या ऐवजी आत ओढलं गेलं, डोळ्यांदेखत. थंड होऊ दिलं. मग पाना लावला, आणि तो कोरडा कट्.

तोवर मामाजींचं सगळं लक्ष पितळी जोडावर गेलं होतं. नळ्या गेल्या तरी निदान तो तरी मूळचा राहील. दिसायला तो झकास होता. घासल्यावर सोन्यासारखा पिवळा. मी मात्र त्याच्याबद्दल काही वाचलं होतं, आणि ते सांगणं मला भाग होतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, आणि ती आपोआप तडकत. न वापरता, न हात लावता. कारण पुढे, १९२१मध्ये, तीन इंग्रज संशोधकांनी नक्की केलं. जनावरांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळात साठलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. आणि आमचा जोड कित्येक पावसाळे कुठे होता, तर गाईंच्या शेजारी.

भिंग आणलं. मामाजींचंच, सातबारा वाचायचं. एका आट्याच्या तोंडाशी केसासारखी रेघ होती. चीर की ओरखडा, यावर दुपारभर वाद झाला. चाचा म्हणाले ओरखडा, मामाजी म्हणाले ओरखडा, मी म्हणालो असेलही. जोड बदलला. एकाच सर्किटच्या गाडीत असेलही हे उत्तर पुरत नाही.

नव्या नळ्यांसाठी गावात पहिली सूचना आली ती फ्रीजच्या तांब्याच्या नळीची. वळवायला सोपी, जागेवर मिळते. पण निव्वळ तांबं इंजिनाच्या थरथरीने कडक होत जातं आणि चिरतं. ब्रेकला ते नको. आम्ही तांबं-निकेलची मागवली, नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल. ती गंजत नाही आणि हाताने वळते. व्हॉल्वोने १९७०च्या दशकातच आपल्या गाड्यांना ती बसवायला सुरुवात केली होती. नळीचं टोक फुलवायचं काम चाचांनी स्वतः केलं. आधी नट नळीवर चढवून घ्यायचा, मग टोक साच्यात दाबून कापसाच्या मिटलेल्या बोंडासारखं गोल फुगवायचं. तेल अडवतं ते हे बोंड, आटे नाहीत. आटे फक्त त्याला जागेवर दाबून धरतात. म्हणून नवा नट राक्षसासारखा आवळायची गरज नसते, आणि पुढच्या माणसावर तेवढे उपकार होतात. चाचांनी प्रत्येक नटाच्या मागच्या फटीत बोटाने थोडं ग्रीस भरलं.

नळ्यांत अडकलेली हवा काढायला मी पेडलवर, चाचा चाकाखाली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. “दाबा! धरा! धरून ठेवा जी! सोडा!” मागच्या डाव्या चाकाच्या निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग बुडबुडे, मग हळूहळू स्वच्छ तेल.

तेल कोणतं, यावर मात्र अजून एकमत नाही. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग सोलवटतो, आणि मामाजींनी कुठेतरी वाचलं की डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं तेल रंगाला काही करत नाही, पाणीही शोषत नाही. दोन्ही खरं आहे. पण ते पाणी शोषत नाही म्हणजे आत आलेलं पाणी जातं कुठे? सगळ्यात खालच्या जागी साचतं, कॅलिपरमध्ये, आणि तिथेच गंज धरतो. शिवाय ते ग्लायकॉलच्या तेलात मिसळायचं नसतं, म्हणजे आतली रबरं आणि सिलिंडर पुन्हा सगळं धुऊन काढा. मी डॉट ४च्या, म्हणजे ग्लायकॉलच्याच तेलाच्या बाजूचा. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मर्यादा १५५ वर येते. घाटासाठी हा फरक फार मोठा आहे, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. मामाजी म्हणतात, दोन वर्षांनी कोण लक्षात ठेवतं?

कोठ्याच्या दारावर ते खडूने तारखा लिहितात. कोणती गाय कधी गाभण राहिली, संत्र्यावर फवारणी कधी झाली. त्याखाली आता ‘ब्रेक ऑइल’ आहे आणि तारीख. चिखलदऱ्याची तारीख अजून लिहिलेली नाही. हँडब्रेकची केबल यायची आहे, आणि त्याच्याशिवाय ही गाडी घाटात न्यायची नाही, यावर तरी आम्हा तिघांचं भांडण नाही.